खिळ्यावरचं दावं

"आमचे अशील श्री. नंदीश मडिवाळप्पा बिराजदार यांचे वडिलांची कारवानी जातीची कुत्री, नामे हरणी, ही वडिलांचे आजारपणामुळे तुम्हांस केवळ तात्पुरत्या सांभाळाकरिता तोंडी कराराने सोपविली असता, तुम्ही ती अप्रामाणिक हेतूने स्वतःचे कब्जात ठेवून परत देण्यास साफ नकार दिला आहे. सबब ती विनाविलंब परत न केल्यास तुमचेविरुद्ध फौजदारी इलाज अवलंबिला जाईल, याची नोंद घ्यावी."

भाषेच्या दृष्टीने ही नोटीस निर्दोष आहे, आणि तिचा निर्दोषपणा तेवढ्यावरच संपतो. पहिली गोष्ट अशी की, कुत्री अशिलाची नव्हती. नोटिशीनेच ते कबूल केले आहे. वडिलांची मालमत्ता मुलाने मागावी आणि वडील पलीकडच्या खोलीत जिवंत असावेत, यात वकिलाला काही वावगे दिसले नाही, कारण वडिलांना बोलता येत नव्हते आणि बोलता न येणाऱ्या मालकाला वारस आहेत की नाहीत एवढेच आपल्याकडे पाहिले जाते. 'आजारपणामुळे' हा शब्दही तपासून घ्यावा. नातेवाइकांना नंदीशने सांगितले होते की सोसायटी हरकत घेते. सोसायटीला तसा अधिकार नसतो असे बहिणीने कळवल्यावर कारण बदलले आणि डॉक्टरांचे नाव पुढे आले. डॉक्टर एवढेच म्हणाले होते की कुत्र्याला हात लावल्यावर हात धुवा. 'साफ नकार' तर सरळ खोटा होता. हरणी ज्याच्याकडे होती तो जोतिराम मेटकरी फोनवर म्हणाला होता, "भेटवायला कवाबी आनतो, पर सोडत न्हाय." यातले पहिले अर्धे वाक्य नंदीशच्या कानाने घेतले नाही. एका मेंढपाळाने आपल्याला अट घालावी, या धक्क्याने तो कान त्याआधीच बंद झाला होता.

आणि तोंडी करार? तो झाला होता टेम्पोच्या मागल्या फळीपाशी, इमारतीच्या पार्किंगमध्ये. नंदीश म्हणाला, "आण्णा उठून बसले की नेऊ. तोवर राहू दे तुमच्याकडं." जोतिराम म्हणाला, "व्हय." करार म्हणून हे पुरेसे आहे, याहून कमी शब्दांवर या जिल्ह्यात जमिनी कसल्या जातात आणि मुली दिल्या जातात. कायद्याच्या लेखी कुत्री ही खुर्ची किंवा सायकलीसारखी जंगम मालमत्ता असते. सांभाळायला दिली तर निक्षेप, कायमची दिली तर दान; दानालाही कागद लागत नाही, मालकाने दिले आणि दुसऱ्याने घेतले की झाले. प्रश्न फक्त हेतूचा उरतो. हेतू दाखवणारी एकच कृती त्या दुपारी घडली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि नोटिशीत तिचा उल्लेख नाही. टेम्पो निघण्यापूर्वी नंदीशच्या आईने, नीलम्माने, वाकून हरणीच्या गळ्यातला दोर सोडला आणि आपल्यापाशी ठेवला.

तो दोर मडिवाळप्पांनी स्वतः वळला होता, चादरीच्या मागावरून उरलेल्या लाल-पांढऱ्या सुताचा. चामड्याचा पट्टा त्या घरात चालत नसे. अव्वाने आठवण म्हणून दोर ठेवून घेतला, असा अर्थ नंदीशने लावला. त्याला तो हृद्य वाटला, आणि हृद्य वाटलेल्या गोष्टीचे माणसे जे करतात तेच त्याने केले. ती भिंतीवर टांगली. आण्णांच्या पलंगासमोर, जिथे आधी कॅलेंडर होते त्या खिळ्यावर.

*

संक्रांतीच्या आदल्या रविवारी चार दिवसांनी नळाला पाणी आले. नंदीशची बायको अक्षता पहाटेपासून पिंप, घागरी आणि स्नानगृहातली बादलीन् बादली भरत होती, म्हणून जुळे सोलापूरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरची बैठक पाण्याच्या आवाजातच सुरू झाली. नंदीशची थोरली बहीण दानेश्वरी आदल्या संध्याकाळी पुण्याहून आली होती. ती तिथे कायदा शिकवते. आण्णांनी तिच्या लग्नानंतर दार बंद केले, ते आजारपणाने उघडले. म्हणजे ते बंद ठेवणाराच उरला नाही.

नोटिशीची प्रत तिने दोनदा वाचली आणि टीपॉयवर पालथी ठेवली.

"हे पाठवण्याआधी मला का नाही दाखवलंस?"

"तू काय म्हणणार ते माहीत होतं." नंदीश मार्केट यार्डातल्या पेंडीच्या दुकानात वापरतो त्या आवाजात म्हणाला. "अक्का, एक सांग. तू माझ्या बाजूनं बोलायला आलीयस की त्यांच्या?"

"कायद्याच्या बाजूनं. ती तुला परवडणार नाही."

"तुझ्या लग्नात कुठं होता हा कायदा? आण्णा उंबऱ्यावर उभं राहू देत नव्हते तेव्हा?"

"तेव्हाही माझ्या बाजूनं होता. तू नव्हतास."

आतून अक्षता म्हणाली, "जरा हळू भांडा की. टाकी भरल्याचा आवाज येईना मला."

नंदीशने आवाज खाली आणला, पण मुद्दा सोडला नाही. "अक्का, तू इथं नसतेस. मी रोज बघतोय. आण्णा खात नाहीत. अव्वा आंबील घेऊन बसते तर तोंड फिरवतात. दिवसभर त्या दोराकडं बघत पडलेले असतात. दिवसभर. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर महिनाभर सुद्धा काढणार नाहीत. मला कुत्री पाहिजे. कोर्टातनं, ठाण्यातनं, कुठनं पण. आज दिली नाही तर दुपारी चौकीत जाऊन तक्रार देतो. साहेबांशी बोलून ठेवलंय."

दानेश्वरीला त्या क्षणी आपल्या भावाची कीव आली, आणि कीव येणे तिला आवडत नसल्याने ती खिडकीशी गेली. खाली वॉचमनच्या खुर्चीशेजारी टेम्पो उभा होता. त्यातून जोतिराम उतरला, मागोमाग त्याची आई चिमाबाई, आणि शेवटी हरणी. लांब पाय, आत गेलेले पोट, वाऱ्याच्या दिशेने वळलेले निमुळते तोंड. तिच्या गळ्यात काळ्या लोकरीचा जाड दोर होता.

*

जोतिराम सोफ्यावर बसला नाही. आईला बसवून तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. खिशातून त्याने घडी घातलेली नोटीस काढली.

"समदी वाचली," तो म्हणाला. "'सबब' म्हंजी काय तेवढं सांगा, मग बोलू."

"म्हणून," दानेश्वरी म्हणाली.

"मग 'म्हणून'च म्हनायचं की." त्याने कागद परत घडी केला. "गावात पोलीसपाटलानं इचारलं, जोतिबा, कुत्रं चोरलंस व्हय? माझ्या वाड्यावर शंभर मेंढरं हायत, लांडगं येत्यात, आन् मी सोलापुरात यिऊन कुत्रं चोरायचं?"

"चोरलं असं कोण म्हणतंय?" नंदीश म्हणाला. "सांभाळायला दिलं होतं. सांभाळलंत, उपकार झाले. आता परत द्या. एवढं सोपंय."

"दिल्यालं जनावर परत मागत न्हाईत."

"दिलं नव्हतं! काय बोललो होतो मी? आण्णा उठून बसले की नेऊ. बोललो होतो का नाही?"

"बोलला व्हता."

"तू काय म्हणालास?"

"व्हय म्हनलो."

नंदीशने बहिणीकडे पाहिले. उलटतपासणी जिंकल्याचे समाधान त्याच्या चेहऱ्यावर इतके उघडे होते की तिने नजर काढून घेतली.

"नंदीश," ती म्हणाली, "आण्णा उठून बसलेत का?"

"म्हणजे?"

"अट तूच घातलीस. ती पुरी झालेली नाही. तुझ्याच शब्दांवर चालायचं तर आज तुला मागता येत नाही. शब्द सोडून मालकीवर यायचं तर हरणी आण्णांची, महापालिकेचा परवाना त्यांच्या नावावर. द्यायचा अधिकार तुला नव्हता आणि मागायचाही नाही. दोन्हीकडून तुझी नोटीस रद्दी."

"मग निकाल काय, बाई?" जोतिरामने विचारले.

"निकाल असा की कायद्यानं हरणी अजून आण्णांचीच आहे. त्यांना कुणी विचारलेलंच नाही. तुम्हालाही ती मिळालेली नाही, जोतिराम."

जोतिरामचा चेहरा उतरला. अधिकाऱ्यासमोर उतरलेला चेहरा खोटा असू शकतो, हा नव्हता. "आमच्यात न्हाय आसं," तो म्हणाला. "तोंडानं मानूस काय बी बोलतंय. तितं हातानं काय केलं ते बगायचं. दावं कुनी ठिवून घेतलं? तुमी का आमी?"

"दावं?" नंदीश हसला. "अरे, ते अव्वानं आठवण म्हणून ठेवलं. आण्णांच्या समोर टांगलंय बघ. त्यांना जरा धीर."

चिमाबाईने इतका वेळ हातातल्या पेल्यातला चहा प्यायला नव्हता. तिने पेला खाली ठेवला.

"कुटं टांगलंय?" तिने विचारले.

*

चिमाबाई आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. मडिवाळप्पांना तिने शेवटचे पाहिले होते ते तिच्या नवऱ्याच्या, सिद्धनाथच्या, दिवसाला. पेंडीची पोती स्वतः उतरवून घेणारा, गळ्यात चांदीचे लिंग, कानडी ढंगाचे मराठी मोठमोठ्याने बोलणारा माणूस. पलंगावर आता जे होते ते त्या माणसाचे उरलेले एक अंग होते. उजवी बाजू मेलेली. डावा हात चादरीवर पडलेला. नीलम्मा शेजारी बसून चमच्याने आंबील त्यांच्या ओठांशी नेत होती, आणि तोंड फिरले होते. तिच्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे.

चिमाबाईने भिंतीकडे पाहिले. मग नीलम्माकडे. नीलम्माचा चमचा हवेत थांबला.

नीलम्माचे माहेर अक्कलकोटच्या खाली, सीमेलगत, गुराढोरांच्या घरातले. तिला काही समजावून सांगावे लागेल असे चिमाबाईला एक क्षणही वाटले नाही. आणि तिला हेही कळले की समजावून सांगण्यासारखे काही नाही हेच या खोलीतले सगळ्यात वाईट आहे.

"बाई," ती हलकेच म्हणाली, "हे हितं?"

नीलम्माने चमचा वाटीत ठेवला. मागून नंदीश आला होता. "मी टांगलं. का हो? बघत बसतात बिचारे."

"बगत्यात," चिमाबाई म्हणाली. "व्हय. बगनारच की."

तिच्या आवाजात असे काही होते की दानेश्वरी उठून आत आली. "काय झालं, आजी? या दोराचं काय आहे?"

"मला काय इचारतासा? तुमच्या आण्णास्नी इचारा. माझ्या मालकानं ही हरणी पिल्लू असताना त्यास्नी दिली तवा दावं सोडून घेतलं हुतं. ह्यास्नी त्येचं लई कवतिक. येईल त्याला सांगायचे."

दानेश्वरीने नंदीशकडे पाहिले. ती स्वतः त्या वर्षांत या घरात नव्हती. नंदीश होता, दुकानात वडिलांच्या शेजारच्या गादीवर बसून फोनमध्ये भाव बघत होता, आणि आण्णांची ही गोष्ट त्याने गिऱ्हाइकागणिक ऐकली होती, म्हणजे एकदाही ऐकली नव्हती.

"काय सांगायचे?" तिने विचारले.

उत्तर दारातून जोतिरामने दिले. "जनावर देताना दावं ठिवून घेतलं, तर जनावर दिलं. कायमचं. घराची बरकत घरात ऱ्हाती, जनावर मोकळं हुतं. आन् दावं संगं दिलं तर समजायचं, धनी परत न्याला येनार. आमी दुसरं दावं बांदलं तवाच ती आमची झाली."

"ते गाई-म्हशींचं!" नंदीश म्हणाला. "कुत्र्याला कसलं दावं आलंय?"

"मग तिच्या गळ्यात काय व्हतं? मंगळसूत्र?"

पाण्याची टाकी भरून वाहू लागली होती, गॅलरीत पाणी पडत होते, आणि अक्षतासुद्धा कॉक बंद करायला हलली नाही.

नंदीश हुशार माणूस आहे. गोष्ट त्याच्या लक्षात यायला वेळ लागला तो त्याने लावला. येऊ नये म्हणून त्याने शक्य तेवढा वेळ घेतला. त्याने आधी दोराकडे पाहिले. मग पलंगाकडे. आणि मग पलंगावरून दोर जसा दिसतो तसा पाहण्यासाठी, आपण काय करतो आहोत हे न कळता, तो वडिलांच्या उशाशी वाकला. तिथून सरळ रेषेत, दुसरे काहीही मध्ये न येता, तो दोरच दिसत होता. उन्हाळ्यापासून. जाग आली की दोर, जेवताना दोर. त्याने वडिलांच्या समोर आठवण टांगली नव्हती. वडिलांना वाचता येणाऱ्या एकमेव लिपीत त्याने भिंतीवर लिहून ठेवले होते की, तुझी कुत्री तुला न विचारता देऊन टाकली आहे, ती परत येणार नाही. आणि रोज सकाळी तो त्यांना म्हणत होता, "आण्णा, उठून बसा की, हरणीला आणू."

"त्यांना कळत होतं," तो म्हणाला. "सगळं कळत होतं त्यांना."

"दावं सोडलं कुणी?" दानेश्वरीने विचारले. तिचा आवाज वर्गातला होता, आणि तो तसा आहे हे तिला ऐकू येत होते. "जोतिराम, टेम्पोपाशी दोर कुणी सोडला?"

जोतिरामने तोंड उघडले. चिमाबाईने त्याचे मनगट धरले. "जोत्या. गप." ते ज्यांच्या घरातले होते त्यांनीच बोलावे, इतका शिष्टाचार तिला नोटीस पाठवणाऱ्यांपेक्षा जास्त होता.

"अव्वानं सोडला," नंदीश घाईने म्हणाला. "पण तिनं आठवण म्हणूनच. अव्वा, सांग की. आठवण म्हणूनच ना?"

नीलम्माने आंबिलीची वाटी खाली ठेवली, पदराने नवऱ्याच्या ओठाचा कोपरा टिपला. "हरणीला वर आणा," ती म्हणाली. एवढेच.

*

हरणी जिना चढून आली. उंबऱ्यावर थांबली, हवा हुंगली, आणि मग कोणी काही म्हणायच्या आत पलंगाशी गेली. चादरीची कड, औषधांचा वास, डायपरची पिशवी, सगळे तिने एकेक करून पार केले आणि शेवटी डाव्या हाताखाली आपले डोके घातले.

हात हलला. त्या घरात कितीतरी दिवसांत कोणत्याही चमच्यासाठी, कोणत्याही हाकेसाठी न हललेला तो हात बोटे उघडून तिच्या कानामागे गेला, तिथल्या मऊ खळग्यात, जिथे तो आठ वर्षे जात आला होता. मडिवाळप्पांच्या डोळ्यांतून पाणी आले. एकाच डोळ्यातून, कारण दुसरा त्यांच्या ताब्यात नव्हता. अक्षता पदर तोंडाशी धरून रडू लागली. नंदीश म्हणाला, "बघ अक्का. बघ. मी सांगत नव्हतो?"

हरणीने थोडा वेळ तो हात सोसला. हा शब्द कठोर आहे, पण दुसरा लिहिणे खोटे होईल. मग तिने मान वळवली आणि दाराकडे पाहिले. जोतिरामकडे. शेपटी एकदा हलली. जागेवरून न उठता, परवानगी विचारल्यासारखी. कायदा ज्याला साक्ष मानत नाही अशी साक्ष तिने दिली, आणि खोलीतल्या कोणीही उलटतपासणी केली नाही.

मडिवाळप्पांनी ते पाहिले. त्यांचा हात तिच्या कानामागे तसाच राहिला, पण बोटे थांबली.

चिमाबाई पुढे झाली. तिने टाचा उंचावून खिळ्यावरचा लाल-पांढरा दोर काढला, त्यावरची धूळ झटकली आणि पलंगावर, डाव्या हाताशेजारी ठेवला.

"आण्णा," ती म्हणाली, "धनी तुमी. तुमाला कुनी इचारलं न्हाय, ते चुकलं. आता इचारतो. ठिवायची आसंल तर आमचं दावं सोडून देतो, तुमचं बांदा. आमी रिकाम्या हातानं जातो. माझ्या लेकराची तक्रार न्हाय."

जोतिरामने हरणीच्या गळ्यातल्या काळ्या दोराची गाठ सैल केली आणि हात मागे घेतला. सैल केलेली गाठ सुटली तर ती पुन्हा बांधायचा अधिकार त्याला राहणार नव्हता.

हात हरणीच्या कानावरून निघाला. चादरीवर घसरत दोरापाशी आला. एका टोकाला थांबला. ते टोक त्यांनीच कधीतरी गाठ मारून संपवले होते. मग बोटांनी दोर ओढायला सुरुवात केली. फार हळू. एक वेढा, मग दुसरा, मुठीत गोळा होत गेला. हरणीच्या गळ्याकडे तो गेला नाही. सगळा दोर मुठीत आल्यावर मूठ मिटली आणि चादरीच्या आत, आपल्या अंगाखाली, सरकली.

"म्हणजे?" नंदीश म्हणाला. "ठेवायची म्हणतायत? दोर घेतला की त्यांनी!"

"नाही, नंदीश," दानेश्वरी म्हणाली. "दिली. दोर ठेवून घेतला त्यांनी. आत्ता दिली."

जोतिरामने वाकून मडिवाळप्पांच्या पायांना हात लावला, मग गाठ आवळली. दानाच्या सगळ्या कायदेशीर अटी त्या क्षणी पूर्ण झाल्या. देणारा मालक, हेतू स्पष्ट, घेणाऱ्याचा स्वीकार, ताबा. एवढे निर्विवाद दान दानेश्वरीने आपल्या पुस्तकांतही वाचले नव्हते.

चिमाबाई जाताना नीलम्मापाशी थांबली. तिच्या डोक्यावरून सरकलेला पदर नीट केला, जसा सासरी जाणाऱ्या मुलीचा करतात, आणि निघाली. जिन्यावर हरणीच्या नखांचा आवाज उतरत गेला, खाली टेम्पोची फळी बंद झाली. मडिवाळप्पांचे डोळे रिकाम्या खिळ्यावर होते.

नंदीश अजून उशाशीच उभा होता. संतापायला आता बाहेरचा माणूस उरला नव्हता, आणि आपण एका निर्दोष माणसाला पोलीसपाटलासमोर उभे केले हे त्याला एकट्याने पेलवत नव्हते.

"अव्वा," तो म्हणाला, "तू तिकडची. तुला माहीत होतं दावं ठेवण्याचा अर्थ काय होतो ते?"

"अव्वा, बाहेर चल," दानेश्वरी म्हणाली. "इथं नको. त्यांना ऐकू येतंय."

"साकु," नीलम्मा कानडीत म्हणाली; पुरे झाले. "त्यांनाच तर ऐकू जाऊ दे."

नोटिशीत आरोपी जोतिराम मेटकरी होता. त्या खोलीत सापडलेल्या खऱ्या आरोपीने दिलेला जबाब खाली आहे. त्यात एक शब्दही बदललेला नाही, कारण तिच्या शब्दांहून कठोर शब्द दुसऱ्या कोणाला सुचले नसते:

"माहीत होतं. म्हणूनच सोडलं. तू परत आणू म्हणालास, मी तोंडानं काही बोलले नाही, हातानं केलं. तू ते खिळ्यावर टांगलंस तेव्हा मला काढता आलं असतं, नाही काढलं. ह्यांना कळू दे, असं वाटलं. ह्या दुखण्यानं ह्यांचा एकच हात शिल्लक ठेवला होता, नंदीश. मी धुवायची, पुसायची, भरवायची, आणि तो हात सकाळ-संध्याकाळ तिच्या कानामागं जायचा. लग्न होऊन आल्यापासून तो हात माझ्या डोक्यावरनं तसा एकदा पण फिरला नाही. मला वाटलं, ती गेली की येईल."